सही कुणाची घेणार?

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा कायदा होता, हे आमच्याकडे बहुतेकांना तो रद्द झाला तेव्हा कळलं. 1976 साली, आणीबाणी चालू असताना आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना विधिमंडळाने तो केला. परवाना कसा द्यायचा, कर कसा घ्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं होतं. फक्त तो लागू कधी व्हायचा, ती तारीख सरकारने नंतर जाहीर करायची होती. ती कुठल्याच सरकारने जाहीर केली नाही. मधल्या काळात कितीतरी मुख्यमंत्री आले आणि गेले. कायदा लागू करायला कुणी धजावलं नाही आणि फाडून टाकायलाही कुणी पुढे आलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी 18 ऑगस्ट 2023 रोजी राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं आणि पुढे विधिमंडळानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं.

मुख्यमंत्री तेव्हा एकनाथ शिंदे होते. त्यांचं दरे गाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं, कोयनेच्या पाण्याकाठचं. त्यामुळे इथे त्या निर्णयाचं कौतुक झालं. मलाही बरं वाटलं, आजही वाटतं. पण एक कायदा 47 वर्षं असा अधांतरी ठेवता येतो, ही गोष्ट मनातून जात नाही. जो कायदा एका अधिवेशनात जातो तो दुसऱ्या अधिवेशनात परतही येऊ शकतो. आणि ज्यांच्या घरावर त्याचा परिणाम व्हायचा त्यांना तो करताना कुणी विचारलं नाही, ठेवताना विचारलं नाही, काढतानाही विचारलं नाही.

साताऱ्यात हा विषय काही मिटलेला नाही. पर्यटनाचं बोलणं निघालं की पाच मिनिटांत कॅसिनो निघतोच. आणि पर्यटनाचं बोलणं हल्ली सतत निघतं. मुनावळ्याला कोयनेच्या जलाशयात बोटी सुरू झाल्या, रस्ते विकास महामंडळाकडे नवीन महाबळेश्वरचं नियोजन आलं, पर्यटन खातं पाटणच्या शंभूराज देसाईंकडे आलं, 2025 च्या मे महिन्यात महाबळेश्वरला पर्यटन उत्सवही झाला. यात कुठेही कॅसिनोचा प्रस्ताव नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर माझ्याच लेखावरून अफवा उठायची. पण लग्नाच्या पंगतीत, पोवई नाक्यावर, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडून मी हे ऐकते: "गोव्यात चालतं, मग आपल्याकडे का नाही?"

हा प्रश्न सगळ्यात तळमळीने विचारतात ते माझे एक चुलतदीर. पाचगणीत त्यांचं हॉटेल आहे. मोठं नाही, कर्ज काढून उभं केलेलं आहे. मे महिना, दिवाळी, नाताळ आणि पुढचे स्ट्रॉबेरीचे दिवस सोडले तर खोल्या भरायची मारामार. जून लागला की धुकं आणि धुवांधार पाऊस. कामावरची पोरं गावी पाठवावी लागतात आणि बँकेचा हप्ता मात्र पावसाळ्यातही तेवढाच असतो. "वहिनी," ते म्हणतात, "गोव्याला जाणारी गाडी आपल्याच हायवेवरून जाते. साताऱ्यात जेवते आणि पैसे पणजीत टाकते. चार महिने पाऊस असताना माणूस बंद खोलीत काय करणार? त्याला करायला काहीतरी द्या, माझ्याकडची वीस पोरं बारा महिने पगार घेतील. आणि जुगार काय आता होत नाही? चोरून चालतो तो उघड झाला तर सरकारला कर मिळेल आणि हप्तेबाजी थांबेल."

त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पावसाळ्यात घरी पाठवलेल्या पोरांच्या आयांना मी ओळखते. आमच्या जावळीच्या घराघरातून माणसं मुंबईला माथाडीत गेली ती हौसेने गेली नाहीत. इथे काम असावं असं ज्याला वाटतं त्याच्याशी माझं भांडण नाही.

पण मी नोकरी केली ती एका पतसंस्थेत आणि त्यातला बराचसा काळ सोनेतारणाच्या टेबलावर. तिथे बसून मी जे पाहिलं ते भाऊजींच्या हिशेबात कुठेच येत नाही.

सोनेतारणाचं काम असं चालतं. माणूस डाग, म्हणजे सोन्याचा दागिना, घेऊन येतो. संस्थेचा सराफ तो कसोटीवर घासतो, रेघेवर ॲसिडचा थेंब टाकतो, मग काट्यावर ठेवतो. आधी ठोक वजन, त्यातून खडे, मणी, लाख वजा करून निव्वळ वजन. मग दर, मग रक्कम, मग डाग पाकिटात आणि पाकिटावर सील. अर्जात एक रकाना असतो, कर्जाचे कारण. घरखर्च, शेती, आजारपण, शिक्षण, यांतलं काहीतरी लिहायचं. जुगार असं कुणी लिहीत नाही. आम्हाला कळायचं ते वेगळ्याच गोष्टींवरून. आखाडात पेरणी झाल्यावर "शेती" लिहून कर्ज नेणारा. सोडवून नेलेला डाग आठवड्यात पुन्हा घेऊन येणारा. जिन्यात उभा राहून फोनवर कुणाला तरी "अर्ध्या तासात देतो" म्हणणारा. आणि बरोबर आलेली बायको, जी खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभी राहते.

एकदा एका बाईंनी टेबलासमोरच गळ्यातलं डोरलं काढलं. सराफांनी दोन्ही वाट्या काढून घेतल्या. तिने पर्समधून दोरा काढला, राहिलेले काळे मणी तिथेच ओवून घेतले, दाताने गाठ मारली आणि पोत परत गळ्यात घातली. नवरा तोवर अर्जावर सह्या करत होता. सभासद तो, कर्जदार तो, त्यामुळे सही त्याची. सोनं तिच्या वडिलांनी घातलेलं होतं, पण कागदावर तिचं नाव कुठेही लागलं नाही. नियमात ते बसत होतं. त्या नियमाने मी कितीतरी पाकिटं सील केली आहेत.

म्हणून मला कॅसिनोच्या चर्चेत पहिला प्रश्न कराचा पडत नाही. पैसा कुणाच्या खिशातून निघणार आणि होकार कोण देणार, हा पडतो. ही दोन माणसं आमच्याकडे फार वेळा वेगवेगळी असतात.

आता "चोरून चालतंच आहे" या मुद्द्याकडे येते, कारण तो खरा आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा, इंग्रजांच्या काळातला, आणि अजून लागू आहे. तरी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही गावात मटका कोण घेतो ते शाळकरी पोराला ठाऊक असतं. यात्रेत चक्री असते, सोरट असतं, उसाच्या फडामागे तीन पानी बसते. अधूनमधून पेपरात छाप्याची बातमी येते, जप्त केलेल्या मुद्देमालात रोख रक्कम, चिठ्ठ्या आणि एक बॉलपेन. महिन्याभरात तीच टपरी उघडी असते.

मटक्याचं गणित एकदा शांतपणे मांडून बघावं. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एक आकडा लावला आणि लागला तर साधारण नऊ पट मिळतात. दहा जणांनी दहा आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जमा होतात आणि वाटले जातात नव्वद. दोन आकड्यांच्या जोडीचंही तेच, शंभरात एक लागते आणि नव्वद पट मिळतात. म्हणजे शंभरातले दहा रुपये रोजच्या रोज खेळवणाऱ्याच्या घरी. कॅसिनोतल्या रुलेटच्या चाकावर 37 घरं असतात. 37 जणांनी एकेका घरावर शंभर रुपये लावले तर 3,700 जमा होतात, जिंकणाऱ्याला त्याचे शंभर धरून 3,600 मिळतात, कॅसिनोकडे राहतात शंभर. टक्केवारीत बघायचं तर पावणेतीनही नाहीत. वरवर पाहता चाक मटक्यापेक्षा बरंच सरळ आहे आणि भाऊजी मला हेच ऐकवतात. पण मटक्याच्या एका बाजाराला दिवसात एक ओपन आणि एक क्लोज, म्हणजे आकडा दोनदाच निघतो. मधे माणूस घरी जातो, जेवतो, बायकोच्या तोंडाकडे बघतो. चाक रात्रभर फिरतं. जिथे दर दोन-तीन मिनिटांनी पैसे लावता येतात आणि घड्याळ व खिडकी मुद्दाम ठेवत नाहीत, तिथे पावणेतीन टक्के पहाटेपर्यंत सगळा खिसा रिकामा करायला पुरतात. माझ्या मते कॅसिनोतला सगळा धोका या वेगात आहे.

आणि उघड केलं की चोरटं बंद होतं, हे आपल्याच राज्याने एकदा करून पाहिलं आहे. 1969 साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली, तेव्हा लोकांना मटका-जुगारापासून दूर न्यायचं हे कारण सरकारनेच दिलं होतं. लॉटरी अजून आहे. मटकाही आहे. लॉटरीच्या तिकिटाने मटक्याची एक टपरी बंद पडलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्या पोलीस ठाण्याला चौकातली बॉलपेनवाली टपरी कायमची बंद करता येत नाही, तेच पोलीस ठाणं झगमगीत कॅसिनोत कर्जाने पैसे कुणाला दिले, एकवीस वर्षांखालचा कोण आत शिरला, हे तपासणार, यावर मी विश्वास कसा ठेवू?

गोव्याकडे बघा म्हणतात, तर बघू. तिथला जुगाराचा कायदाही 1976 चाच. मूळ कायदा बंदीचा. 1992 साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा दिली, 1996 साली बोटींवरच्या खेळांना. बोटी पणजीच्या मांडवी नदीत आल्या. विरोधी पक्षात असताना मनोहर पर्रीकरांनी त्या बोटींविरुद्ध मोर्चे काढले, लोक त्यांच्या मागे गेले. 2012 साली ते मुख्यमंत्री झाले आणि बोटी मांडवीतच राहिल्या. पर्रीकरांच्या साधेपणाबद्दल आणि कामाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे उदाहरण मला जास्त लागतं. इतका खमका माणूस जे सांगत होता ते सत्तेत आल्यावर त्याला करता आलं नाही. एकदा परवान्याच्या पैशावर सरकारी तिजोरी बसली की तिला उठवणं कुणाच्याच हातात राहत नाही. नदीतून बोटी हलवण्याचं आश्वासन तिथल्या लोकांनी नंतरही ऐकलं, आणि मुदतवाढीही पाहिल्या.

1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्यातल्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी झाली. सिक्कीमनेही आपल्या लोकांना असंच बाहेर ठेवलं. स्वतःच्या माणसांना वाचवावं असं त्या सरकारांना वाटलं, यात चूक काहीच नाही. पण मग बोटीवर जातं कोण? मुंबईचा, पुण्याचा, बेळगावचा, कोल्हापूरचा आणि आपल्या साताऱ्याचा माणूस. गोव्याने ज्याला पाहुणा म्हटलं त्याची बायको माझ्या टेबलासमोर भिंतीला टेकून उभी असते. उद्या महाबळेश्वरला कॅसिनो निघाला आणि "स्थानिकांना बंदी" अशी पाटी लावली, तर स्थानिक कोण? तालुक्यातला? जिल्ह्यातला? वाईतला माणूस आत नको आणि शिरवळच्या पुलापलीकडचा चालेल, असं ठरवायचं का? पुण्याच्या बाईचं सोनं काय वेगळ्या खाणीतलं असतं?

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील, अंजनीचे आबा, गृहमंत्री असताना 2005 मध्ये डान्सबार बंद झाले. गावोगावच्या बायकांनी त्यांना दुवा दिला, मी त्यांतली एक. त्या बंदीने बारमध्ये नाचणाऱ्या हजारो मुलींची रोजी गेली आणि त्यांचं पुढे काय करायचं याची तजवीज झाली नाही, हेही तितकंच खरं. आबांवर लोकांचा विश्वास होता कारण त्यांचं अंजनीतलं घर, त्यांची आई, त्यांचं राहणं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी ती बंदी न्यायालयात टिकली नाही. 2006 साली उच्च न्यायालयाने आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. त्यातला एक मोठा मुद्दा असा होता की साध्या बारमधला नाच बंद आणि तारांकित हॉटेल, जिमखान्यातला चालू, हा भेद घटनेत बसत नाही. कॅसिनोत तोच भेद कायद्याच्या पायातच आहे. टपरीवर आकडा लावला तर गुन्हा, पंचतारांकित हॉटेलात चाकावर लावला तर पर्यटन. ऊसतोडीच्या मजुराला कोठडी आणि पंचतारांकितवाल्याला लिफ्टपाशी सलाम, असा कायदा झाला तर गरिबाने कायद्याला मान का द्यावा, याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

राहिली गोष्ट विश्वासाची. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ रोहित पवारांनी समोर आणला. कोकाटेंनी आरोप फेटाळला, ती अचानक आलेली जाहिरात होती असं सांगितलं. नंतर त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा व युवक कल्याण खातं त्यांच्याकडे आलं. खरं-खोटं करायला मी बसलेले नाही. पण तो आठवडाभर आमच्या भागात कुणाच्याही तोंडी पावसाचा विषय नव्हता, पिकाचा नव्हता, तोच होता. आणि लोकांना धक्का बसला नव्हता, हे मला जास्त टोचलं. "असंच असतं," म्हणून माणसं पुढे गेली. ज्या राज्यात मतदार इतक्या सहज "असंच असतं" म्हणतो, तिथे आमदारांच्या हात वर करण्याने जुगाराचा निर्णय व्हावा, हे मला पटत नाही, मग तो निर्णय होकाराचा असो की नकाराचा.

मोबाइलवरच्या खेळाने तर टेबलच बदलून टाकलं होतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जिन्यात उभे राहणारे नवरे कमी झाले आणि एकटी येणारी पोरं वाढली. वय पंचविशीच्या आतबाहेर, आईच्या पाटल्या रुमालात बांधलेल्या. पैसे रात्री अंथरुणात गेलेले, घरात कुणाला पत्ताही नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून केंद्राने अशा खेळांवर 28 टक्के जीएसटी घेतला, म्हणजे हा उद्योग कर देऊन उघड चालला, भाऊजींना हवा तसाच. आणि दोन वर्षंही व्हायच्या आत, ऑगस्ट 2025 मध्ये, संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कर मिळत असूनही सरकारला हे थांबवावं लागलं, यापेक्षा मोठा पुरावा भाऊजींना मी कुठून आणून देऊ?

मला जे हवं आहे ते आमच्या जिल्ह्यात आधीपासून आहे. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून अर्ज द्यायचा. उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं, मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, तीही आलेल्या बायकांच्या नाही तर यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे मुंबईला मुलाकडे गेलेली सासू, बाळंतपणाला माहेरी गेलेली सून, या सगळ्या आपोआप दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. एवढी अवघड अट असूनही जावळीत बायकांनी दुकानं बंद पाडली. रानातलं काम टाकून त्या रांगेत उभ्या राहिल्या. नवरे सोबत नव्हते, पुढारी कुंपणावर बसलेले होते. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची सही मागितली होती.

कॅसिनोसाठी अशी तरतूद कुठेच नाही. म्हणून आमच्या सासरच्या गावात, मेढ्याच्या रस्त्यावर, येत्या ग्रामसभेपुढे एक ठराव मांडायचा आम्ही ठरवलं आहे. मसुदा मी लिहिला: राज्यात पुन्हा कधी कॅसिनोला परवानगी देण्याचा विचार झाला, तर ज्या तालुक्यात तो होणार त्या तालुक्यातल्या महिला मतदारांचं गुप्त मतदान आधी घ्यावं आणि ते शासनावर बंधनकारक असावं. ग्रामसभेच्या ठरावाने कायदा बदलत नाही, ते मला माहीत आहे. पण पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत त्याची प्रत जाते, आवक नंबर पडतो, आणि उद्या कुणी म्हणालं की लोकांची काही हरकत नव्हती, तर कागद दाखवता येतो.

मसुदा भाऊजींना पाठवला. असं मतदान घेतलं तर कॅसिनो शंभर वर्षांत येणार नाही, असं ते फोनवर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "वहिनी, तुमची ओळ राहू दे. पण खाली माझीही एक घाला. पाचगणी-महाबळेश्वरला पावसाळ्याच्या चार महिन्यांत चालेल असा रोजगार शासनाने उभा करावा, आणि कसा करणार ते लेखी द्यावं." ती ओळ मी घातली आहे. सह्या शनिवारपासून घेतोय.